सुनेच्या नावाची मूठ

लग्न होऊन दोन दिवाळ्या उलटल्या तरी आमचं लग्न खऱ्या अर्थानं लागायचंच होतं. हे वाक्य आज मी सरळ लिहून टाकते आहे, याचं माझं मलाच नवल वाटतं. तेव्हा तर मी ते मनातल्या मनातसुद्धा अर्ध्यावर तोडत होते.

व्हायचं असं, की नवरा जवळ आला की माझं अंग माझं ऐकेनासं व्हायचं. तो मला आवडत नव्हता म्हणावं, तर तसं मुळीच नाही. उलट सकाळी तो दुकानाला निघाला की त्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी गॅलरीत उभी असायचे, इतकी मी वेडी. गप्पा, चेष्टामस्करी, हातात हात, सगळं छान. त्यापुढे गेलं की मांड्या आवळून यायच्या, श्वास वरच्या वर अडकायचा आणि असं काही जळजळायचं की मी त्याला दोन्ही हातांनी ढकलून द्यायचे. मग तो उठून पंखा मोठा करायचा, मी पाणी प्यायचे, आणि दोघंही 'बघू पुढे' म्हणून गप्प व्हायचो.

आणि ही मी कोण? शिरपूरच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवणारी बाई! प्रजननाचा धडा आला की खाली माना घालून खिदळणाऱ्या पोरापोरींना मी ठणकावते, "यात लाजण्यासारखं काय आहे? शरीर आहे ते." फळ्यावर आकृती काढते, एकेका भागाला नाव देते. डोंबलाची आकृती! माझ्या स्वतःच्या अंगात काय चाललंय, याचा मला पत्ता नव्हता.

नवऱ्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. माणूस कमी बोलणारा, पण बोलेल ते असं की रागवावं का हसावं हे कळू नये. एकदा मी रडत असताना मला म्हणाला, "जाम झालेल्या बेअरिंगवर हातोडा मारत नसतात. तेल सोडायचं आणि थांबायचं."

मी उशी फेकून मारली. "अहो, मी काय तुमची पाच हॉर्सपॉवरची मोटार आहे?"

"मोटार परवडली," तो म्हणाला, "ती उशा फेकत नाही." मला हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडू आलं. तो थांबला मात्र. दोन वर्षं एक शब्द वाकडा बोलला नाही. मित्र चेष्टा करत, नातेवाईक 'गोड बातमी कधी' म्हणून पिच्छा पुरवत, तो सगळं हसून अंगावर घेई. त्याच्या त्या शांतपणाचा मला कधी कधी संतापच यायचा. वाटायचं, एकदा भांड तरी माझ्याशी.

शिरपूरच्याच एका डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी खुर्चीतून न उठता सांगितलं की सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, कुठं तरी फिरून या. आम्ही आज्ञाधारक, तोरणमाळला गेलो. तळं पाहिलं, दरी पाहिली, धुकं पाहिलं, गरम भजी खाल्ली. बाकी जैसे थे. परत येताना घाटात मी त्याला म्हटलं, "तुम्ही दुसरं लग्न करा. मी कागदावर सही करते, भांडणतंटा नको." त्यानं गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुन्हा हे बोललीस तर चालत यावं लागेल." पण माझं मनात ठरलं होतं. अजून एक प्रयत्न करायचा. नाहीच जमलं तर दिवाळीला माहेरी, नशिराबादला जायचं ते परत यायचं नाही. त्याला मोकळं करायचं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

तो एक प्रयत्न म्हणजे जळगावच्या डॉक्टरबाई. मोबाइलवर शोधता शोधता मला कळलं होतं की माझ्या त्रासाला नाव आहे, व्हजायनिस्मस. नाव आहे म्हणजे तो आणखी कुणाला तरी होत असणार, या नुसत्या विचारानं मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डोळे पुसत बसले होते. जळगावला जायला आम्हाला बहाणाही सोपा होता. माहेरी जातो म्हणायचं, चोपड्यावरून जाणारी एसटी धरायची, आधी दवाखाना आणि मग नशिराबाद.

डॉक्टरबाई वयानं माझ्या आईएवढ्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला नि स्वतःच विचारलं, "दुखतं?"

मी मान हलवली.

"दुखतं म्हणजे खरंच दुखतं. नाटक नाही, हट्ट नाही, नवऱ्यावर प्रेम नाही असंही नाही," त्या म्हणाल्या. "डोळ्यापुढे कुणी एकदम बोट आणलं तर पापणी मिटते ना? तू मिटतेस का ती? तसेच हे खालचे स्नायू आपोआप आवळतात. आता पापणीला कुणी रागावतं का?"

एवढंच बोलल्या, पण मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या होत्या! आणि ही बाई मला सांगत होती की माझं शरीर मला छळत नाहीये, ते मला जपायला धावतंय. चुकीच्या वेळी धावतंय, एवढंच.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. मी सांगेपर्यंत प्रयत्न करायचा नाही. पूर्ण बंदी."

"बंदी?" असं म्हणताना त्याचा चेहरा असा झाला की डॉक्टरबाईही हसल्या आणि मीही. त्या खोलीत मी हसेन असं मला सकाळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तपासणीसुद्धा त्यांनी आधी विचारून केली. "आता हात लावू? थांबू?" असं दरवेळी. मी 'थांबा' म्हटलं की थांबत. माझ्या 'थांबा'ला एवढा मान असतो, हे मला ठाऊक नव्हतं. निघताना म्हणाल्या, "घरी आरसा घे आणि स्वतःला नीट बघ. मग पुढचं."

आरसा! मी तीन दिवस टाळाटाळ केली. सासूबाई मंदिरात गेल्या होत्या अशा एका दुपारी कडी लावून बसले आणि बघितलं. काय सांगू! मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं जे काढत आले ते हे नव्हतंच. ते काळंपांढरं होतं, हे जिवंत होतं. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे श्वास आत घेऊन आवळलं, सोडलं. आणि ते हललं. माझ्या सांगण्यावरून हललं! मी पुन्हा केलं, पुन्हा हललं. ज्याची मला भीती वाटत होती ते माझंच होतं आणि ते माझं ऐकत होतं.

मग रोजचा अभ्यास सुरू झाला. श्वास, आवळणं, सोडणं. मग स्वतःचं बोट, अगदी टोकापुरतं. पुढे डॉक्टरबाईंनी दिलेल्या गुळगुळीत नळ्या, आधी करंगळीएवढी, मग जरा जाड. पहिल्यांदा बोट न दुखता आत गेलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले. नवरा बाहेर पेपर वाचत होता. दारातून म्हणाला, "काय झालं? पाल?"

"पाल नाही हो," मी म्हटलं, "पास झाले!"

हे असं कुठं जरा मार्गी लागत होतं आणि श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. खानदेशातल्या घरांत हा मोठा सण, सगळे भाऊबंद एका घरात जमतात. देवीच्या नैवेद्याला जे रोट करतात ते फक्त त्या कुळातल्या माणसांनीच खायचे, बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही. आणि त्या रोटांचे गहू मापानं घेत नाहीत, मुठीनं घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. घरातली थोरली बाई नवं सूप पुढे घेऊन बसते, एकेकाचं नाव घेते आणि मूठ टाकते. बायकांच्या नावाची मूठ नसते, कारण आम्ही एकतर लग्न होऊन आलेल्या किंवा लग्न होऊन जाणाऱ्या. सून पोटुशी असेल तर मात्र पोटातल्याची मूठ घेतात, तो मुलगाच धरून. आणि देवीच्या नावानं सुपात पडलेला दाणा परत पोत्यात जात नाही.

त्या दिवशी सगळे जमले होते. जामनेरची चुलतसासू सकाळपासून माझ्याकडे बघून गालात हसत होती. सासूबाईंनी सुपासमोर बसून सासऱ्यांपासून सुरुवात केली, चुलतसासरे झाले, दीर झाले, शेवटी माझ्या नवऱ्याची मूठ टाकली. आता हात झटकतील असं वाटलं. त्यांनी झटकला नाही. माझ्याकडे बघितलं, डोळे भरून आले होते त्यांचे, आणि पुन्हा पोत्यात हात घालून आणखी सव्वा मूठ सुपात टाकली.

बायकांमध्ये एकच गलका झाला. चुलतसासूनं माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. "मीच बघितलं ना हिला जळगावला! बाळंतपणाच्या दवाखान्यातून दोघं उतरत होते. मी गुडघा दाखवायला गेलेली. हिच्या सासूला तेवढं सांगितलं, म्हटलं आपण विचारायचं नाही, दृष्ट लागते."

दवाखान्याची पाटी! स्त्रीरोग आणि प्रसूती, लाल अक्षरांत. कपाळ माझं! नवरा बाहेर पुरुषांत होता. तासाभरात सगळ्या कुळाला कळणार, मग महिने मोजणार, आणि महिने भरले की काय दाखवायचं होतं मी? नशिराबादची एसटी मला तिथल्या तिथं डोळ्यांसमोर दिसायला लागली.

सासूबाई गहू दळायला मागच्या खोलीत गेल्या. तिथं घरघंटी आहे. मी त्यांच्यामागे गेले आणि दार लोटलं. त्यांनी बटण दाबलं, घरघर सुरू झाली. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि सांगून टाकलं. "आई, पोटात कुणी नाही. असायचा प्रश्नच नाही. आमचं अजून झालेलंच नाही. मला दुखतं. जळगावला त्याचेच उपचार चालू आहेत. यांची काही चूक नाही. तुम्ही म्हणाल तर मी जाते माहेरी."

माझ्या सासूबाई म्हणजे कडक बाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातल्या, कमी शब्दांच्या. माझ्याशी त्या सरळ मराठीत बोलतात, शाळेतली बाई म्हणून. पण मनातलं काही निघालं की अहिराणीवर येतात. त्यांनी घरघंटीत आणखी ओंजळभर गहू टाकले.

"दुखस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बठ्ठ्यास्लेच दुखस." सगळ्यांनाच दुखतं.

"नाही आई," मी म्हटलं, "डॉक्टरबाई म्हणाल्या, दुखायला नको असतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना उद्यापासून सूर्य उगवणार नाही असं सांगितलं होतं. मला वाटलं, आता चिडणार. त्या चिडल्या नाहीत. पिठात हात घालून ते सारखं केलं, माझ्या तोंडाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "डोळे पूस. रोट लाटायचे शेत." लाटायचे आहेत.

मी लाटले. कसे लाटले ते देवीलाच माहीत. नैवेद्य दाखवून झाला, पानं मांडली, सगळं कूळ ओळीनं बसलं. चुलतसासू कौतुकानं म्हणाली, "पोटातल्याचा वाटा आधी सुनेच्या पदरात घाल गं, त्याच्या नावाचा आहे."

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. कमरेला पदर खोचलेला, हातात परात. मी खाली बघत होते, अंगठ्यानं फरशी उकरत.

"पोटात कोनी नही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "ती मूठ मन्ही सूननी शे. मी तिन्ह्या नावनी टाकी."

मग चुलतसासू म्हणाली, "बाईच्या नावाची मूठ घेतात का कुठं? असं कधी झालंय?"

"आज झालं," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांचे डोळे सासऱ्यांकडे वळले. घरातले थोरले तेच, रीत मोडली म्हणायचा अधिकार त्यांचा. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि हातातलं ताट जरा पुढे सरकवलं. "वाढा, गार होतंय," म्हणाले. झालं. विषय संपला. समोरच्या ओळीत माझा नवरा बसला होता. काय घडलं हे त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण आईकडे बघताना त्याचा घास तोंडाशीच राहिला होता.

मी त्या दिवशी माझ्या नावाचा रोट खाल्ला. सासूबाईंना खोटं बोलायचं नव्हतं, देवीचा दाणा परतही करायचा नव्हता आणि सुनेला उघडीही पाडायची नव्हती. पीठ पडायला लागतो तेवढ्या वेळात त्यांनी यातून वाट काढली होती. मी देवळात फारशी न रमणारी. पण त्या दिवशी कानबाईसमोर डोकं टेकवलं ते देवीपुढे टेकवलं का सासूबाईंपुढे, हे मला अजून सांगता येत नाही.

दिवाळीला मी माहेरी गेले आणि भाऊबीज करून परत आले. डॉक्टरबाईंनी बंदी उठवली तेव्हाही त्यांनी बजावलं होतं की घाई करायची नाही, सूत्रं माझ्या हातात, मी थांब म्हटलं की थांबायचं. थंडीतल्या एका रविवारची दुपार होती. सासूसासरे लग्नाला गेले होते. गल्लीत भाजीवाला ओरडत होता, "वांगी घ्या, भरताची वांगी!" आणि त्या ओरडण्यातच ते झालं. दुखलं नाही. मी दुखण्याची वाट बघत होते आणि ते आलंच नाही. मी श्वास सोडला आणि अंगानंही सोडून दिलं, इतक्या सहज की मी चकितच झाले.

"थांबू?" नवऱ्यानं विचारलं.

"नको," मी म्हटलं. हा शब्द मी याआधी त्याला शेकडो वेळा ऐकवला होता, पण कधीच अशा अर्थानं नाही. मला हसू फुटलं. हसताना बघितलं तर तो रडत होता. दोन वर्षं पंखा मोठा करणारा हा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता आणि मी त्याचे डोळे पुसत होते. आपल्यात एवढं मोठं सुख होतं आणि एवढ्या जवळ होतं, याचा मला अचंबा वाटला. तो अजून ओसरलेला नाही.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं. त्या दिवसांत एकदा चहा देताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या, तेवढंच.

उन्हाळा लागला. आम्ही दोघी गच्चीवर ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे वाळवणाचे पापड, थापत होतो. कडक ऊन, हात ओले, बोलणं काही नाही. एकदम त्यांनी मान न वर करता विचारलं, "तुझ्या त्या डॉक्टरबाई... माझ्या वयाच्या बाईलाही बघतात का?"

"बघतात की. काय होतंय तुम्हाला?"

त्या बिबड्याची कड सारखी करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "घरघंटीपाशी तू जे बोललीस ना, दुखायला नको असतं म्हणून. ते माझ्या डोक्यातून जात नाही गं. मला वाटायचं ते तसंच असतं. यांना मी कधी सांगितलं नाही. यांनी ऐकलं असतं. पण मला वाटायचंच की ते तसंच असतं."

"आई, अजूनही?"

त्यांनी मान हलवली. माझा हात पिठातच राहिला. या बाईनं तीन मुलं वाढवली, दोन सुना आणल्या, भर पंगतीत कुळाची रीत मोडली, आणि एवढं आयुष्य एक दुखणं असंच सोसत काढलं, ते दुखणं आहे हेच माहीत नसल्यामुळे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि ओरडून कुणाशी तरी भांडावंसंही वाटलं. कुणाशी भांडणार?

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी एसटीत बसलो. त्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या. तापीच्या पुलावर त्यांनी नदीला हात जोडले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नाव पुकारलं तेव्हा मी सवयीनं त्यांच्याबरोबर उठले. म्हटलं, यांना लाज वाटेल, अहिराणीत अडतील, मी समजावून सांगेन. दारापर्यंत गेले. त्यांनी वळून माझ्या छातीवर हात ठेवला आणि मला हलकेच मागे सारलं.

"तू बाहेर बस," त्या म्हणाल्या. "मन्हं मी सांगसू."

आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.